तिसरं उत्तर

"आता बरं," निवृत्त गृहस्थ म्हणाले. "मघापेक्षा पुष्कळच बरं."

भिंग तेच होतं. त्याने ते नुसतं गृहस्थांच्या नाकावरच्या चौकटीच्या खाचेतून काढलं होतं, मऊ कापडावरून फिरवलं होतं आणि पुन्हा त्याच खाचेत बसवलं होतं. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासणाऱ्याला ही युक्ती करावीच लागते. माणसाला एकापाठोपाठ दोन भिंगं दाखवून "कोणतं बरं?" विचारलं, की त्याला वाटतं दोघांतलं एक बरं असणारच, नाहीतर हा विचारेल कशाला. मग बिचारा नंतरचं बरं म्हणतो. म्हणून खात्री करायची असली की तेच भिंग दोनदा दाखवायचं आणि गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकून त्याच्या बाकीच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं. एरवी तो अशा वेळी गालातल्या गालात हसायचा. आज त्याला हसू आलं नाही. भिंग धरलेली बोटं गृहस्थांच्या कानाशी तशीच थांबली, कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. गृहस्थांचा नव्हे, ते तर आज पहिल्यांदाच आले होते. त्या 'बरं'मध्ये जो समजूतदारपणा होता, समोरच्याचं मन राखायची जी घाई होती, ती त्याने काल रात्री जेवणाच्या टेबलावर ऐकली होती. "हो बाबा," त्याची लेक भिंगरी निळ्या चष्म्यातून म्हणाली होती, "आता बरं दिसतं." आणि तो खुशीत दुसऱ्यांदा भात वाढून घेऊन जेवला होता.

"काय झालं? काही वाईट दिसलं का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही, नाही. तुमचे डोळे उत्तम आहेत," तो म्हणाला आणि दुसरं भिंग शोधायच्या निमित्ताने खोक्यात खाली बघत राहिला. खोक्यात भिंगं आपापल्या खाचांत उभी होती, एकेकाला एकेक आकडा. इतकी शिस्त त्याच्या डोक्यात असती तर किती बरं झालं असतं. त्याची मुलगी दहा वर्षांची होती. ती अगदी लहान असल्यापासून स्वतःभोवती गिरक्या घ्यायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं, ते तसंच राहिलं. बोलायला लागली ती घरादाराची करमणूक करत. चित्रं काढायची, घड्याळ उघडून पुन्हा जोडायची, शेजाऱ्यांच्या हुबेहूब नकला करायची. आणि शाळेत पुस्तक उघडलं की गप्प. दुसरीत बाकीची मुलं गोष्टी वाचू लागली तेव्हा ही पहिला शब्द ओळखायची, चित्राकडे बघायची आणि उरलेलं वाक्य पदरचं रचून सांगायची. ते वाक्य पुष्कळदा पुस्तकातल्यापेक्षा चांगलं असायचं, पण त्याला कुणी गुण देत नव्हतं. शाळेने तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि तपासणाऱ्या बाईंनी नीट, शांतपणे समजावलं, की याला डिस्लेक्सिया म्हणतात, मुलगी हुशार आहे, डोळ्यांत दोष नाही, अक्षर आणि आवाज यांची गाठ मारायला तिच्या मेंदूला वेगळी आणि जास्त मेहनत पडते. बायकोने ते ऐकून घेतलं. त्याने ऐकलं फक्त 'डोळ्यांत दोष नाही' एवढंच, आणि घरी येऊन त्याने मुलीचे डोळे तपासले.

आता आठवलं तरी त्याच्या कानशिलांत ऊन लागल्यासारखं झालं. ज्याचं त्याचं हत्यार. त्याने दर रविवारी तिला दुकानात आणून त्या उंच खुर्चीत बसवलं होतं, नाकावर ती जड गोल चौकट चढवली होती आणि दोष सापडेना तसतसा तो जास्तच चिकाटीने शोधत गेला होता. सापडला असता तर! दोषाला नंबर असतो, नंबराला भिंग असतं, भिंग तो स्वतः घासून बसवू शकला असता. जगातल्या सगळ्या बापांमध्ये नेमका तोच असा होता, की लेकीच्या दृष्टीत काही कमी असती तर संध्याकाळपर्यंत भरून दिली असती. तिच्या दृष्टीत काहीच कमी नव्हतं आणि याचं त्याला चक्क वाईट वाटलं होतं. मग कुठूनतरी त्या रंगीत काचांची माहिती आली. अक्षरं हलतात, त्यांना रंगाने थोपवायचं, अशी काहीशी कल्पना. तज्ज्ञ म्हणवणारे बरेच जण त्यात काही तथ्य नाही म्हणत होते, हेही त्याने वाचलं होतं. पण वाचलेलं आणि हवं असलेलं यांत माणूस कुणाचं ऐकतो? त्याने काच स्वतः निवडली, स्वतः कापली, कडा इतक्या गुळगुळीत केल्या की दुकानाचे मालकही म्हणाले, "अरे, एवढं लग्नाच्या चष्म्यालाही कुणी करत नाही." भिंगरीने चष्मा घातला, त्याने समोर धरलेला धडा वाचला आणि ती म्हणाली, "आता बरं."

ते पहिलं 'बरं'. त्यानंतर किती आली. त्याची थोरली बहीण, भिंगरीची आत्या, म्हणजे उपायांची खाणच. तिला कुणीतरी सांगितलं की माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी फरक पडतो. गोळ्या सुरू झाल्या आणि भिंगरीच्या ढेकरांना समुद्रकिनाऱ्याचा वास येऊ लागला. मग डुगडुगती फळी आली, तिच्यावर तोल सांभाळत उभं राहून चेंडू झेलायचा. म्हणे मेंदूचा तोल सावरला की वाचन आपोआप सावरतं. मग एक जाणकार म्हणवणारे भेटले, त्यांचं म्हणणं असं की मूल रांगायच्या वयात नीट रांगलं नाही तर पुढे अक्षरं अडतात. म्हणून भिंगरी, जी घरात सगळ्यांत वेगाने रांगलेली म्हणून प्रसिद्ध होती, ती वयाच्या नवव्या वर्षी बैठकीच्या खोलीत सतरंजीवर रोज सकाळी पुन्हा रांगली. मधे काही दिवस गहू बंद झाला, काही दिवस साखर. प्रत्येक वेळी महिन्याभराने तो टेबलावर तोच धडा उघडायचा आणि म्हणायचा, "वाच बघू." आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा सफाईने वाचायची. आता अंधाऱ्या खोलीत गृहस्थांचा उजवा डोळा झाकताना त्याचा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि त्याने तक्ता बदलला. का बदलायचा? कारण उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ माणसाला पाठ झालेली असते, मग डावा डोळा न बघताही ती म्हणून टाकतो. हे तो शिकाऊ उमेदवार असताना पहिल्याच आठवड्यात शिकला होता. आणि घरी इतके महिने तोच धडा. तोच. जंगलातल्या हत्तीचा. त्या धड्यातला हत्ती आता त्यालाही पाठ होता, बायकोलाही पाठ होता, खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनाही बहुधा असेल.

"पहिलं, दुसरं, की दोन्ही सारखंच?" त्याने गृहस्थांना विचारलं, आणि विचारतानाच तो दुसऱ्यांदा थबकला. हे तिसरं उत्तर तो कधीही विसरत नसे. त्याच्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्याने हेच घोकून घेतलं होतं, की 'सारखंच' हा पर्याय आपण तोंडाने दिला नाही तर लोक तो स्वतःहून घेत नाहीत, त्यांना वाटतं ते नापास होण्यासारखं आहे. परक्या माणसाला जे तो दिवसातून कितीदा तरी मोकळ्या मनाने द्यायचा, ते त्याने आपल्या मुलीला कधी म्हणजे कधीच दिलं नव्हतं. तिला तो विचारायचा, "आता बरं ना?" तेही पुढे वाकून, डोळे मोठे करून. बायको एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची; दिवसभर आवाजच ऐकत असल्यामुळे तिचे कान भलतेच तिखट झाले होते. ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती, "ती पुस्तकाकडे बघून नाही वाचत, तुझ्या तोंडाकडे बघून वाचते." त्याला राग आला होता. त्याला वाटलं होतं, हिला आशाच नाही.

आणि आज संध्याकाळी 'केंद्रा'त पहिल्या भेटीला जायचं होतं. हा आत्याचा नवा शोध. तिथे मुलांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवून खास तयार केलेलं संगीत ऐकवतात, त्याने मेंदूतल्या वाटा मोकळ्या होतात. उद्यापासून वेळ रोज दुपारची, नेमकी वाचनाच्या बाईंची. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अशा मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. भिंगरी त्यांच्याकडे जाऊ लागून वर्ष झालं नव्हतं. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, चमत्कार नव्हता. लाकडी अक्षरं, वाळूचा ट्रे आणि एकच गोष्ट हजार वेळा करायची तयारी. हा आवाज, हे अक्षर, बोटाने गिरव, तोंडाने म्हण, आता यात ते मिसळ, पुन्हा. त्याने एकदा विचारलं होतं, हे कधी बरं होणार. बाई म्हणाल्या, "हे बरं व्हायचं नाही, हे यायचं असतं. ती कदाचित जन्मभर हळू वाचेल. पण वाचेल." 'हळू' हा शब्द त्याला टोचला होता. केंद्राच्या लोकांनी फोनवर 'हळू' म्हटलंच नव्हतं. बायकोने स्पष्ट सांगितलं होतं, "बाई सोडायच्या नाहीत. तुला सोडायच्या असतील तर तूच भिंगरीला सांग, मी नाही सांगणार." काल रात्री 'आता बरं' ऐकल्यावर त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की चष्म्याने एवढं झालंय, संगीताने उरलेलं होईल, बाईंना नम्रपणे नाही म्हणून टाकू.

गृहस्थ गेले. त्याने दिवा लावला, खोली लखलखली आणि भिंतीवरच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला: पुढे झुकलेला, भुवया वर चढलेल्या, उत्तराची वाट बघणारा. या चेहऱ्याला 'सारखंच' म्हणायला दहा वर्षांच्या पोरीने कुठून छाती आणावी? त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ, का कोण जाणे, सुटका झाल्यासारखंही वाटलं. चुकलेलं गणित पुन्हा तपासताना चूक नेमकी कुठे झाली ते सापडावं, तसं. मोजमाप चुकलं होतं. मुलगी चुकली नव्हती. तो मालकांना म्हणाला, "मी आज लवकर जातो," आणि मालकांनी 'का' म्हणायच्या आत रस्त्यावर होता. रस्ता नेहमीचाच, फुटपाथवर कुणी सायकल दुरुस्त करत होतं, कुणाचे तरी धुतलेले पडदे गॅलरीतून ठिबकत होते, पण तो असा चालला होता की समोरून येणारी माणसं बाजूला सरत होती.

भिंगरीला बाईंकडून आणायचं काम बायकोचं, त्यामुळे तो जिना चढून बाईंच्या दाराशी पहिल्यांदाच इतका वेळ उभा राहिला. दार अर्धवट उघडं होतं. आत पाठमोरी भिंगरी बसली होती, चष्मा टेबलाच्या कडेला पालथा, आणि कागदावर बोट दाबून काहीतरी पुटपुटत होती. ती अडखळली, चुकली, परत मागे गेली. बाईंनी तोंड उघडलं, तशी ती कडक आवाजात म्हणाली, "थांबा, सांगू नका. येतंय मला." बाई मुकाट्याने थांबल्या. तो दाराबाहेर चौकट धरून उभा राहिला. हा आवाज त्याने घरी कधी ऐकला नव्हता. त्यात कुणाचं मन राखणं नव्हतं. त्यात राग होता, हट्ट होता आणि खोल कुठेतरी मजा होती. घड्याळ उघडून बसलेली असताना कुणी मदतीला आलं की ती असंच म्हणायची.

शिकवणी संपल्यावर बापलेक खाली उतरली. कोपऱ्यावर बाक होतं, तिथे तो बसला आणि त्याने तिलाही बसवलं. "तुला एक विचारतो," तो म्हणाला. "दुकानात विचारतो तसं. निळा चष्मा घालून वाचताना बरं वाटतं, न घालता बरं वाटतं, की दोन्ही सारखंच?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने चटकन मान वळवून समोरच्या भिंतीकडे नजर लावली.

"सारखंच म्हटलं तर चालतं?" भिंगरीने विचारलं.

"चालतं म्हणजे काय, दुकानात निम्मे लोक तेच म्हणतात."

तिने पाय हलवले. "मग सारखंच," ती म्हणाली. आणि एकदा म्हटल्यावर जणू बांध फुटला. "गोळ्यांचंपण सारखंच. नुसता वास येतो. फळीवर मजा येते, पण ती वाचायची मजा नाही, फळीचीच. आणि रांगायचं तर... बाबा, ते तू मला का करायला लावलंस?"

"मला वाटलं होतं..."

"मी कुणाला शाळेत सांगितलंसुद्धा नाही."

"मग तू प्रत्येक वेळी बरं कसं म्हणालीस गं?"

"तू किती खूश व्हायचास," ती म्हणाली. हे तिने तक्रार म्हणून नाही, साधी माहिती म्हणून सांगितलं. "आणि तो हत्तीचा धडा मला पाठ आहे. तुला माहीत नव्हतं?"

त्याला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हीपैकी कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना म्हणून त्याने नाक शिंकरलं. मग तो म्हणाला, "आणि बाईंकडचं? तेही सारखंच?"

"नाही," ती लगेच म्हणाली. "तिथे अवघड असतं. मी सारखी चुकते. पण मागच्या आठवड्यात जे चुकलं होतं ना, ते आज नाही चुकलं. आज नवीन चुकलं." आणि ती इतक्या ऐटीत म्हणाली, जणू नवीन चुका म्हणजे तिने स्वतः मिळवलेली बक्षिसं होती. त्याच्या मनात आलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरांची पारख करण्यात त्याचे दिवस गेले, पण इतकं खरं उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं. बोटाने दाखवता येईल असा फरक, न विचारता सांगितलेला, आणि तोही त्याला खूश करण्यासाठी नव्हे. त्याला उठून रस्त्याच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना सांगावंसं वाटलं. त्याने तसं केलं नाही, त्याने तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि म्हणाला, "चल, आत्या केंद्रात येऊन बसली असेल. तिला सांगून येऊ, बाई सोडायच्या नाहीत."

"तू सांगशील?"

"मीच सांगेन."

केंद्राची बाहेरची खोली थंडगार होती, गुळगुळीत फरशी, भिंतीला टेकून खुर्च्या. काही आईबाप मुलांना घेऊन बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बघताच त्याला दुकानातला आरसा आठवला. सगळ्यांच्या भुवया तशाच चढलेल्या. त्यांच्यावर हसायचा त्याला काय अधिकार होता. कालपर्यंत इथलीच एक खुर्ची त्याची होती. आत्या मोठी पर्स मांडीवर घेऊन पुढच्याच खुर्चीत बसली होती. "किती उशीर," ती म्हणाली. "मी ओळखीने नंबर लावून घेतलाय. आणि हिचा चष्मा कुठाय?"

"ताई, आपण हे करणार नाही," तो म्हणाला. "बाईंकडे ती नीट शिकतेय. वेळ तिथेच द्यायचा."

"नीट? अरे, वर्ष होत आलं. इथे महिन्याभरात म्हणतात." आत्याचा आवाज चढला, मग आजूबाजूला बघून उतरला. तिचे डोळे भरून आले होते. "मला काय हौस आहे का? पोर मोठी होतेय. पुढे हिचं कसं व्हायचं?" हा प्रश्न तिने विचारला तेव्हा त्याला पहिल्यांदाच दिसलं, की गोळ्या, फळी, गहू, साखर या सगळ्यांच्या मागे इतकी वर्षं हीच एक भीती होती, जशी त्याच्याही मागे होती. भावाबहिणींची बोलाचाली अशी अडकली असताना भिंगरी उठून समोरच्या भिंतीपाशी गेली. तिथे एक भलामोठा फलक होता, निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. तिने बोट वर केलं, पहिल्या ओळीखाली टेकवलं.

"आम-च्या," ती म्हणाली. "आमच्या. ध्व... ध्वनी... ध्वनि-चि... चिकि..."

आत्या पुढे झाली. शब्द तिच्या ओठांवर आला होता. त्याने तिचा हात धरला. मग, कशासाठी ते कुणाला न सांगता, तो वळला आणि भिंतीकडे पाठ करून उभा राहिला, भिंगरीला त्याचा चेहरा दिसू नये अशा बेताने. आता तिला पुस्तकाखेरीज, म्हणजे फलकाखेरीज, कुठेच उत्तर मिळणार नव्हतं. हा फलक तिने आधी कधी पाहिला नव्हता, त्याच्यावर चित्र नव्हतं, ओळखीचा हत्ती नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने इतकी चोख तपासणी केली नव्हती, आणि इतकं घाबरूनही नाही. खोलीतली कुजबुज थांबली. मागून नुसता बोट सरकल्याचा बारीक आवाज आला.

"चिकि-त्सा. ध्वनिचिकित्सा. आमच्या ध्वनिचिकित्सा... नाही. चिकित्सेने. आमच्या ध्वनिचिकित्सेने अक्ष... अक्षरांशी झग... झगडा न करता मूल वाचू लाग-ते." ती क्षणभर थांबली. "लागते. आपोआप." आणि मग ती खालच्या ओळीला लागली, घाम फोडणाऱ्या, जोडाक्षरांनी खच्चून भरलेल्या ओळीला, प्रत्येक अक्षराशी झगडत. एका शब्दावर आपटली, परत आली, पुन्हा आपटली. "सांगू नका कुणी," ती वळून न बघता म्हणाली. कुणी सांगितलं नाही. त्याने खुर्च्यांतल्या आईबापांकडे बघितलं. एका बाईच्या मांडीवरचा मुलगा खाली उतरून भिंगरीच्या बोटाकडे टक लावून बघत होता. शब्द फुटला. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. ती हळू वाचत होती, बाई म्हणाल्या होत्या तशीच हळू, कदाचित जन्मभर अशीच. आणि त्या हळूपणाचा त्याला असा काही गर्व वाटला, की एखाद्याने त्या घटकेला तिला सरसर वाचतं करून दाखवलं असतं तर त्याने त्याला बाहेर घालवलं असतं. कारण हे सगळं तिचं होतं. यातलं एक अक्षर कुणी काचेतून, गोळीतून किंवा कानातून तिच्या आत ढकललेलं नव्हतं.

आतलं दार उघडलं. केंद्राचे संचालक बाहेर आले, हसतमुख, अदबशीर, हात पुढे केलेला. "आलात? या, या. मुलीला आत घेऊन या, सुरुवात करून टाकू."

तो बोलायला पुढे झाला. त्याच्याआधी आत्या उठली. पर्स खुर्चीवर ठेवून ती संचालकांच्या आणि भिंगरीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, डोळ्यांतलं पाणी पुसायचीही तसदी न घेता.

"जरा थांबा," ती म्हणाली. "आमची मुलगी वाचतेय."

भिंगरीने बोट उचललं आणि पुढच्या ओळीखाली ठेवलं.